दाराआडचे मामा

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी थेट बोलत नसत. सुनेशी बोलायचं नाही, ही त्यांची रीत. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत यायचा. त्या गेल्यावर मामा भिंतीशी बोलायला लागले. "चहा मिळंल का म्हणावं." भिंत काही चहा करत नाही, मीच करायची. डोकं फिरायचं माझं, पण बोलणार कोणाला?

त्या सकाळी नवरा ऊसतोडीवर लक्ष ठेवायला शेतात गेला होता. मामांनी खोलीत इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं. त्यावर लगेच खावं लागतं, म्हणून मी भाकरी वाढून आणली, तर आतून बोल्टची खटखट चाललेली, पण त्यांचं दार उघडेना. खिडकी गव्हाच्या कोठीमागं गेलेली. ताट माझ्या हातात आणि माणूस आत.

"बाहेर कोण हाय?" मामांनी विचारलं. घरात दोघंच होतो.

"मीच आहे. दार अडकलंय का?"

"समदं दार न्हाई. फळी खाली बसलीय."

मी नगरला फ्लॅटमध्ये वाढलेली. मला सगळं मिळून दारच. "फळी म्हणजे कुठली?"

मामा आतून एकेक सांगायला लागले. भिंतीत पक्की बसवलेली ती चौकट. उघडते, मिटते ती फळी. तिला चौकटीला धरून ठेवते ती बिजागरी. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले, फळी लोंबली आणि बोल्ट भोकात आवळला. "खाली उंबरा हाय. त्याच्या आन् फळीच्या फटीत पहार घाल. वर उचल. लई जोर नको."

आवाज बारीक होत चालला होता. मी घाबरले. "मामा, बोलत राहा," असं म्हणत पहार आणली, फटीत घातली आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावलं. आत मामांनी बोल्ट सरकवला, दार उघडलं. मामा घामानं भिजले होते. आधी साखरेचं पाणी पाजलं, मग भाकरी.

खाऊन झालं आणि मामा भिंतीकडं बघत म्हणाले, "सुताराला बोलवा म्हणावं."

इतका राग आला. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. "आता सांगा मामा. कोणाला सांगताय?"

"तुलाच की, बाई," ते आतून म्हणाले. "आन् तू बी खाऊन घे आता."