घोषणेआधीची खरखर

आमच्या काकांना बसस्थानकात सगळे कानसेन म्हणत. चौकशीच्या खिडकीमागे त्यांची खोली होती आणि काम होतं घोषणांचं: कोणती बस, कोणता फलाट, किती उशीर. आवाज मात्र त्यांचा नव्हे, शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा. काकांनी तो तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून ठेवला होता आणि कॉम्प्युटर ते तुकडे जोडून हवी ती घोषणा करी. काकांकडे होते ते फक्त कान. वरच्या मजल्यावरचा फ्रिज बिघडणार हे त्यांना वरच्या मजल्याच्या आधी कळे.

घरी मागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता, म्हणजे एक कीबोर्ड, भिंतीला टेकवलेल्या गाद्या आणि एक जुना कॉम्प्युटर. त्यावर लिनक्स ही कुणा कंपनीच्या मालकीची नसलेली प्रणाली, कारण संगीत ही कुणाच्या परवानगीने करायची गोष्ट नव्हे, असं त्यांचं ठाम मत. परवानगी लागत नसे हे खरं. बाकी सगळं लागे. एक प्रोग्राम सुरू केला की तो साउंड कार्ड बळकावून बसे आणि दुसरा मुका होई. मग पडद्यावरच्या चौकोनांमध्ये रेघा ओढून कुणाचा आवाज कुणाकडे जाणार ते ठरवायचं. ते जुळलं की आवाज उशिरा येई. उशीर कमी करावा तर तडतडे. काका सुट्टीच्या दिवशी सकाळी बसत ते थेट जेवायला उठत. गाणं झालं का, असं काकूंनी एकदा विचारलं. आता नीट ऐकू येतंय, असं उत्तर मिळालं. काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

स्थानकातला कॉम्प्युटर थकला तेव्हा काकांनी साहेबांना लिनक्स पटवलं. ही प्रणाली मुक्त आहे, असं काका परोपरीने सांगत होते; साहेबांना फुकट एवढंच ऐकू आलं आणि तेवढं पुरलं. घोषणा सुरू झाल्या. फक्त प्रत्येक घोषणेआधी स्पीकरमधून खर्रर्र असा आवाज यायचा.

कुणाची तक्रार नव्हती. बाई म्हणाल्या, मी घसा साफ करतेय असं वाटतं, बरंच आहे. पण काकांच्या डोक्यात ती खरखर गेली. त्यांनी इंटरनेटवरच्या एका फोरमवर विचारलं. एकाने जुनी ध्वनियंत्रणा काढून नवी घालायला सांगितलं, दुसऱ्याने नवीला नावं ठेवली, तिसऱ्याने मुळात घोषणा हव्यातच कशाला असं विचारलं. काकांनी सगळ्यांचं ऐकलं. त्या नादात एकदा दुपारभर स्थानक मुकं झालं आणि बाईंना फलाटावर उभं राहून ओरडावं लागलं. शेवटी कुठल्याशा दूरदेशीच्या, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाने लिहिलं: तुमचं साउंड कार्ड वीज वाचवायला झोपतं आणि उठताना कुरकुरतं, त्याला झोपू देऊ नका. सोबत कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञेची एक ओळ दिली. काकांनी ती घातली आणि खरखर गेली.

त्या संध्याकाळी काका काकूंसाठी फुलं घेऊन आले. काकूंनी घाबरून विचारलं, कुणाचं काय झालं.

मग लोकांच्या बस चुकायला लागल्या. खरखर झाली की वर्तमानपत्रं खाली यायची, गप्पा थांबायच्या, पोरांचे हात धरले जायचे. आता बाईंचा आवाज एकदम सुरू व्हायचा आणि लोकांच्या कानी पडायचे ते शेवटचे दोन शब्द, जे सगळ्याच घोषणांत होते: लक्ष द्यावे. एक आजोबा तर घोषणा का बंद केल्या म्हणून खिडकीशी भांडायला आले, तेव्हा वर त्यांच्याच बसची घोषणा चालली होती.

साहेबांनी काकांना बोलावलं. "पूर्वीसारखं करा."

"साहेब, पूर्वी तो बिघाड होता."

"मग बिघाड परत आणा."

काकांनी ती ओळ काढली. तरी खरखर येईना. मधल्या काळात आलेल्या अपडेटने तो दोष मुळातूनच काढला होता. त्याची रीतसर तक्रार काकांनीच नोंदवली होती. त्यांनी गोड सुरांची घंटी लावून पाहिली, तर प्रत्येकजण आपापला फोन चाचपू लागला.

तेव्हा काका आपल्या स्टुडिओत बसले. काकूंनी माइकसमोर चिकटपट्टी ओढली, फरशीवर खुर्ची सरकवली, शिलाई मशीनचं चाक फिरवलं. सगळे प्रोग्राम त्या दिवशी एकमेकांशी नीट वागले. तयार झालेले नमुने काकांनी बाईंना ऐकवले. पहिला त्यांना फार सुरेल वाटला, दुसरा आजारी. तिसरा वाजला तेव्हा त्या बिलं लावत होत्या. त्यांनी नकळत मान वर केली.

"हाच," त्या म्हणाल्या.

बस चुकायच्या थांबल्या. दुसऱ्या स्थानकांनी तो आवाज मागितला, काकांनी मुक्तपणे वाटला, आणि तो इतका पसरला की कुणाचा ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. काकांनी बोटवाल्याला सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं की, पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही तो आवाज आधी घालवला आणि मग हाताने बनवला, हे बरोबर समजलो ना? तसं असेल तर मलाही पाठवा, आमच्या कारखान्यात हाक मारली तर कुणी बघत नाही.

परवा काकू बहिणीकडे जायला स्थानकात बसल्या होत्या. खरखर झाली तशी बाकांवरच्या सगळ्या माना वर झाल्या. काकूंना राहवलं नाही. शेजारणीला त्या म्हणाल्या, "हे आमच्या ह्यांनी केलंय."

शेजारीण सहानुभूतीने म्हणाली, "मग दुरुस्त का करून घेत नाहीत?"

तेवढ्यात काकूंची बस लागली आणि त्यांना पिशवी उचलून निघावं लागलं.