शिवणाचे तीन नमुने

मला शिवता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं पाप इथूनच सुरू झालं. अठरा वर्षांची घोडी झाले होते, मराठी सातवी पास होते, बादशहाच्या घराण्यापासून वैनगंगेच्या उपनद्यांपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. पण हातात सुई दिली की माझी बोटं आखडायची. आणि गोंदियाच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीच्या जागेसाठी मुलाखतीचं जे पत्र आलं, त्याच्या शेवटी लिहिलं होतं, उमेदवाराने स्वतःच्या हातचे शिवणकामाचे तीन नमुने सोबत आणावेत.

आमचं गाव गोरेगावच्या बाजूचं, चारही अंगांनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. बाबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "जागा लागली तं ठीक. नाही लागली तं फाल्गुनात लगन." नवरदेव ठरल्यातच जमा होता. बिजवर, दोन लेकरांचा बाप. त्यामुळे ती नोकरी मला हवी होती म्हणणं कमीच पडेल. ती मिळवायला मी काहीही करायला तयार होते.

घरात शिवणारी एकच होती, बाई. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. नवऱ्याने दुसरी आणली तशी ही एक दिवस गाठोडं घेऊन घरी आली. "कोनी हाकललं नाही मले, मीच आली," असं ती गावभर ठणकावून सांगायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. मी पाटी घेऊन शाळेत जायची तेव्हा ती बांधीत वाकून रोवणी करायची. पण तिच्या हातचा टाका पाहायला शेजारच्या गावच्या बायका यायच्या.

मुलाखतीची तयारी गावच्या म्हाताऱ्या मास्तरांनी करून घेतली. त्यांचे धडे दोनच. एक, 'येत नाही' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. दुसरा, गावची बोली गावातच ठेवून जायचं. मग घरी उजळणी. मुलाखत घेणाऱ्या इन्स्पेक्टरीणबाईला गावात मडम म्हणत; बाईला मी तीच मडम केलं. ती बाजेवर मांडी घालून बसली, कानावर पेन म्हणून तणसाची काडी खोचली आणि भुवया चढवून म्हणाली, "काय व पोरी, कायले आली?"

"मी शिक्षिकेच्या जागेसाठी आले आहे."

"जेवली का?"

"बाई, मडम असं नाही विचारत!"

"काऊन? मडमच्या घरी जेवत नाहीत का? बरं सांग, पऱ्हे किती दिवसाचे झाले मनजे रोवाचे?"

"ती धानाच्या रोपांचं असलं काही विचारणार नाही. ती भूगोल विचारील, हिशेब विचारील."

"बाप्पा! मंग कामाचं काईच इचारत नाही ते!"

आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. पण हसता हसता मी तिला सुधारायला लागले. 'कायले' नाही, 'कशाला'. 'जाऊन राहिली' नाही, 'जात आहे'. ती मुद्दाम तोंड वाकडं करून 'जाऽऽत आहे' म्हणायची आणि पुन्हा हसायची. मला मात्र आता हसू येईना. सोबत हीच येणार होती. धान चुरायचे दिवस होते, बाबा आणि भाऊ खळ्यावरून हलणार नव्हते. ही गोंदियात अशीच बोलली तर लोक काय म्हणतील, हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो त्याच दिवशी.

शिवून पाहिलं मी, नाही असं नाही. रुमालाची एक बाजू दुमडून टाके घातले. बाईने तो उन्हात धरला. "हा टाका होय का बैल मुतत गेला?" मी कापडाला दोष दिला, सुईला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. शेवटी ती म्हणाली, "आण इकडे. तू आपली पुस्तक वाच."

लढाईचे दिवस. नवं कापड रेशनच्या चिठ्ठीशिवाय मिळत नव्हतं. बाईने पेटीतून आपलं लग्नातलं लुगडं काढलं, झटकलं आणि सरळ कातर चालवली. माय आतून ओरडली तर म्हणाली, "आता कोनाले नेसून दाखवाचं हाये हे?" दुपारच्या जेवणानंतर ती छपरीत बसायची आणि मी शेजारी धडे घोकायची. एक रुमाल, एक झबलं आणि बाळाची हातभर वाकळ, असे तीन नमुने तिने दहा-बारा दुपारींत तयार केले. मी म्हटलं, "पत्रात स्वतःच्या हातचे लिहिलं आहे गं." तर म्हणे, "माहा हात का परका होय तुले?"

एकदा शिवता शिवताच ती म्हणाली, "औंदा भावाचं लगन होईन. वयनी आली मनजे घर तिचं. मंग मी कोनत्या कोपऱ्यात झोपू, सांग." मी पुस्तकातून मान वर केली नाही. पण ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं. म्हणून पुढचं जास्त लागतं.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही गोंदियाला गेलो. डब्यातल्या साऱ्या बायांना बाईने मी कुठे जाते, कशाला जाते हे सांगून टाकलं होतं. शाळेच्या कचेरीच्या व्हरांड्यात आणखी तीन मुली होत्या. गोल पातळं, पायात चपला, आपसात हिंदीत बोलत होत्या. बाईचं काष्ट्याचं लुगडं पोटरीवर, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले, काखेत पोह्यांचं गाठोडं. ती थेट त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "जेवल्या का व पोरीहो?" तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेले. माझे कान तापले. मी बाईला म्हटलं, "तू तिकडे टोकाला जाऊन बस." ती गाठोडं सावरत गेली.

आत चष्मा लावलेली, वयस्क, नागपूरकडची इन्स्पेक्टरीणबाई होती. हीच ती मडम. भूगोल झाला, हिशेब झाला, एक कविता म्हणून दाखवली. सगळं सुरळीत. मग तिने माझं नमुन्यांचं पुडकं सोडलं. रुमाल पाहिला, झबलं पाहिलं. वाकळ हातात घेतली आणि लगेच उलटी केली. जाणकार माणूस उलटी बाजूच आधी पाहतं. तिने चष्मा काढला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "उलट कोणती नि सुलट कोणती, कळत नाही. किती वर्षांनी पाहते आहे असं काम. हे तू केलंस?"

"हो," मी म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही. मास्तरांचा धडा चांगलाच मुरला होता.

"शिकवलं कोणी?" मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "विचारते अशासाठी की शाळेला एक शिवणबाईही ठेवायची आहे. लिहितावाचता नाही आलं तरी चालेल, हात असा हवा. आवारात राहायला खोली आहे. तुला शिकवणाऱ्या बाई येतील का?"

देवाने याहून सोपा प्रश्न कोणाला घातला नसेल. माझं खोटं उघडं पडणार नव्हतं, माझी जागा जाणार नव्हती. 'त्या बाहेरच बसल्या आहेत' एवढंच म्हणायचं होतं. मी दाराबाहेर पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला बाई पाय पसरून बसली होती. शिपायाला मूठभर पोहे देऊन त्याला कसलीशी गोष्ट सांगत होती आणि खदाखदा हसत होती. त्या तिघी तिच्याकडे पाहून पुन्हा पदर तोंडाशी नेत होत्या. ही आत येणार, मडमला 'जेवली का व' विचारणार, आणि मग मी रोज ज्या शाळेत जाईन तिथे हिची बहीण म्हणून ओळखली जाणार.

"तशा कोणी नाहीत," मी म्हणाले. "माझं मीच शिकले."

मडमने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "असं असेल तर शिवणाचे तास तूच घे. दुसरी जागा भरायला नको." तिने समोरच्या कागदावरची एक ओळ खोडली. मला उलटी दिसली तरी ती ओळ कोणती होती ते वाचता आलं. जागा मला लागली.

बाहेर येऊन सांगितलं तशी बाई "बाप्पा!" म्हणून ओरडली आणि सगळ्यांदेखत माझ्या कानशिलांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. स्टेशनाच्या वाटेवर तिने विचारलं, "आन् माहा काम पायला का मडमनं?"

"पाहिलं."

"काय मनली?"

खरं सांगायला तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडेल, अशी भीती वाटली मला. "काही नाही म्हणाली."

"काईच नाही?"

"तिला वेळ कुठे होता गं."

बाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "शहरात याच्याहून चांगले पायत असतीन लोक." तिने गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं आणि आम्ही गाडी धरली.

नोकरी सुरू झाली आणि नवाच घोर लागला. मला तर शिवणाचे तास घ्यायचे होते! मग दर शनिवारी मी गावी यायची, बाई मला एक टाका शिकवायची आणि सोमवारी तो मी मुलींना शिकवायची. आयत्या बिळावर नागोबा कसा असतो ते पाहायचं असेल तर मला पाहावं. मडम तपासणीला आली की मुलींचं काम पाहून माझी पाठ थोपटायची, आणि मला त्या जागी खाज सुटल्यासारखं व्हायचं.

इकडे वयनी आली. बाईचं अंथरूण आधी आतल्या खोलीतून छपरीत आलं, मग पावसाळ्यात गोठ्याच्या अंगाच्या खोलीत गेलं. वयनी वाईट नव्हती. घर लहान होतं. बाई आमची बांधी उरकून लोकांच्या रोवणीला जायची. कमरेला हात लावून उभी राहायची तेव्हा मी दुसरीकडे पाहायची.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात एका शनिवारी ती मला गोठ्याजवळच्या त्या खोलीत काज करायला शिकवत होती. उन्हाचा कवडसा तिच्या अंथरुणावर पडला होता. अंथरूण कसलं, तणसावर पसरलेलं पोतं ते. माझ्याच्याने राहवलं नाही. मी तिला शिवणबाईच्या जागेचं सांगितलं. शाळेच्या आवारातल्या खोलीचंही सांगितलं.

तिची सुई थांबली. "तवा मी कुठी होती?"

"बाहेर. व्हरांड्यात."

"मंग हाक काऊन नाही मारली?"

"लाज वाटली."

"खोटं बोलली मनून?"

तिनेच मला सुटायची वाट काढून दिली होती. जन्मात एकदा मी ती घेतली नाही. "नाही बाई," मी म्हणाले. "तुझी."

तिच्या तोंडाची धार सगळ्या गावाला ठाऊक होती. मी शिव्यांची वाट पाहत बसले. द्याव्यात तिने, पोटभर द्याव्यात, असं मनापासून वाटत होतं. तिने कापड मांडीवर सरळ केलं आणि म्हणाली, "वाकळ पाहून मडम काय मनली होती? खरं सांग."

मी सगळं सांगितलं. वाकळ उलटी केली ते, चष्मा काढला ते, किती वर्षांनी असं काम पाहते आहे म्हणाली ते. तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग पदराने तोंड पुसलं.

"दोन वरस झाले," ती म्हणाली. "मले वाटे माहा कामच नासका होता, मनून ते काई बोलली नाही. तवापासून मी तुले शिकवाले सोडून कोनासाठी एक टाका घातला नाही."