घोडीवर काय चढवायचं

दिवाळी सरली की तलवाड्याचा सटवा मेंढ्या घेऊन माजलगावच्या बाजूला उतरतो. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, उन्हाळा काढून परतायचं, असं चाळीस वर्षं चाललंय. सहा महिन्यांचा संसार एका घोडीवर मावला पाहिजे, आणि काय मावतं ते त्याची बायको मनकर्णा ठरवते.

यंदाही अंगणात सामान मांडून ती जज्जासारखी बसली होती. मुलगा भागवत एकेक वस्तू उचलून दाखवत होता.

"मेंढ्या कोंडायची जाळी?"

"ती आधी."

"दोन पातेली?"

"एक. दुसरं मागल्या साली किती येळा लागलं? ठिव घरी."

"सोलरचा दिवा?"

"घे. तुझा मोबाईल त्याच्यावरच जगतोय."

घोंगड्या मात्र तीनच चढल्या. मनकर्णाची, भागवतची आणि त्याची बायको योगिताची. सटवाची ओट्यावर राहिली. पावसाळ्यात त्याचा गुडघा धरला, तेव्हापासून 'आबाला यंदा थोरल्या सुनेपाशी राहू द्या' अशी कुजबूज घरात होतीच. सटवा तर पहाटेपासून पायात जोडे घालून तयार.

"गुडघा लई बरा हाय आता," तो घोडीकडं बघत म्हणाला.

"उठा बरं," मनकर्णा म्हणाली.

तो उठला. खांबाला धरून उठला. मनकर्णानं नजर वळवली, म्हणजे निकाल लागला.

भागवतनं खोगीर टाकलं, पोटाखालून तंगाचा दोर आवळला. आजवर हे काम सटवाचं. दोर दिसला की ही घोडी श्वास भरून पोट फुगवते, हे त्यालाच ठाऊक. सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि विचार करून मिटलं.

वेशीपर्यंत जाईस्तोवर घोडीनं श्वास सोडला. दोर ढिला पडला, ओझं गर्रकन पोटाखाली. घोडी उभ्या जागी कुणाचा तरी कडबा खाऊ लागली.

"भागवत, घोडीच्या पोटाला संसार लावलास काय बे?" वेशीजवळच्या दुकानातला उत्तरेश्वर ओरडला.

सटवा मागूनच येत होता. त्यानं ओझं उतरवून पुन्हा नीट चढवायला लावलं, तंग आवळला, मग घोडीची मान खाजवत निवांत उभा राहिला. तिनं श्वास सोडला तसा दोर चार बोटं आत ओढला.

"ठाव होतं तर बोलला कावून न्हाई?" मनकर्णानं विचारलं.

"मी घरी राहणारा माणूस. वाटंच्या कामात कशाला तोंड घालू?"

मनकर्णाला हसू आलं, ते तिनं पदरात दडवलं. मग योगिताला ओट्यावरची घोंगडी आणायला पिटाळून ती भागवतकडं वळली. "ती वर बांधलेली तुझी प्लॅस्टिकची खुर्ची काढ खाली. तुझ्या बापाचं अंथरूण बसंना."

"आई, खुर्ची तर पायजेच."

"मंग डोक्यावर घे."

भागवतनं घेतली. तोवर सटवा मेंढ्या हाकत निघालाही होता. लंगडत होता, पण हाक मारली तर ऐकू येणार नाही इतका लांब पोचला होता.