लिफ्टजवळची नोटीस

गेल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता वाशिंदच्या एका सोसायटीत सफाईवाल्या मावशींचा अपमान झाला. रहिवाशांच्या लिफ्टने वर गेल्या म्हणून त्यांचं वागणं ‘इग्नोबल’ ठरवणारी इंग्रजी नोटीस लागली. मी गेटवर पत्रकं वाटत होतो. गेट पुसता पुसता मावशींनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला.

मोबाइलमध्ये बघून मी सांगितलं, “अर्थ नीच. मूळ अर्थ, वरच्या कुळात न जन्मलेला.”

त्यांनी फडकं घट्ट पिळलं. “म्हंजे जन्म बघून वागणं ठरवलं. इंग्रजांचं पण आपल्यासारखंच हाय रे. लिफ्ट रोज मीच पुसते, तवा नाय बाटत ती?”

आणि बादली घेऊन त्याच लिफ्टने सातव्या मजल्यावर गेल्या.

तुमच्या लिफ्टजवळ अशी नोटीस असेल, तर आजच स्वतःच्या हाताने फाडा.