भिंतीवरचे आण्णा

टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या येतात, तशा मुंग्या माझ्या डोळ्यांसमोर कायम असतात. आकाशात, पांढऱ्या कागदावर, अगदी डोळे मिटले तरी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांनाच हे दिसतं. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

घाबरले ते दुसऱ्याच गोष्टीला. नाशिकजवळ, मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा होता. नववीत असताना एका दुपारी मी बांधावर बसून वडिलांकडे बघत होते. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. पांढरा सदरा घालून, कमरेत वाकून ते शेवंती खुडत होते. मी बराच वेळ एकटक बघत राहिले आणि मग मान वळवली, तर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर आण्णा होते. तसेच वाकलेले, पण सदरा काळा आणि तोंड पांढुरकं, फोटोच्या निगेटिव्हसारखं. मी किंचाळले. खरे आण्णा धावत आले तेव्हा त्यांच्यामागे त्यांचेच पुसट तुकडे धावत येत होते.

आईने त्याचा एकच अर्थ लावला. चार दिवसांनी ती मला पेठच्या पुढे, डोंगरातल्या एका भगताकडे घेऊन गेली. एसटीतून उतरून तासभर चाललो. भगत म्हातारा होता. आईने त्याला सगळं सांगितलं. सुपात तांदूळ टाकून तो थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसला, मग मला म्हणाला, "तो माणूस बोलतो का तुझ्याशी?"

"नाही."

"तू डोळं फिरवलंस तर?"

"तोही सरकतो. जिकडे बघेन तिकडे."

त्याने सूप बाजूला ठेवलं. आईला म्हणाला, "बाई, बाहेरचं काय नाय हिला. हिच्या डोळ्यातच हाय ते. डोळ्याच्या डॉक्टरला दाखव."

नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकले, बॅटरी मारली, अक्षरं वाचायला लावली. मी शेवटची ओळसुद्धा वाचली. "नजर एकदम चांगली आहे," ते म्हणाले. "अभ्यासाचा कंटाळा असेल." भगताने डॉक्टरकडे पाठवलं आणि डॉक्टरांनी घरी. परतताना आई म्हणाली, "आता हे कुणाजवळ बोलायचं नाय. उद्या लग्न जमवायचंय तुझं."

मी खरंच बोलले नाही. फळा पुसला तरी मला आधीचं लिहिलेलं दिसत राहायचं. त्यावरच नवं लिहिलेलं वाचायला शिकले. डी.एड. केलं, शाळेत लागले, रस्ता ओलांडताना गाड्यांमागे लांबणाऱ्या शेपट्यांतून खरी गाडी कुठे संपते ते ओळखायला शिकले. लग्नाचं मात्र मीच टाळत राहिले. अनोळखी घरात, अनोळखी माणसांच्या अशा उरलेल्या आकृत्या बघत राहायची मला भीती वाटायची.

आण्णा गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पंचवटीत फुलं देऊन ते घरी आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी त्यांना अंगणात ठेवलं. ऊन कडक होतं. आमच्याच मळ्यातले झेंडूचे हार घातले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पापणी न हलवता बघत राहिले आणि मग समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. ते तिथे आले. विझायला लागले की मी पुन्हा खाली बघायचे, पुन्हा वर. असं किती वेळा केलं माहीत नाही. मी रडत नाही म्हणून बायका कुजबुजत होत्या. आण्णांना उचललं तेव्हा मी शेवटचं भिंतीकडे बघितलं. चेहरा फिकट होत गेला आणि नुसती भिंत उरली.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं, तेव्हा आईने विचारलं, "त्या दिवशी भिंतीत काय बघत होतीस?"

मी सांगितलं. ती माझ्याजवळ सरकून बसली. "ते होते?"

"होते."

"अजून हायेत?"

नाही म्हणायला हवं होतं. पण ज्या गोष्टीला ती इतकी वर्षं घाबरली, तिच्यासाठीच तिने तोंड इतकं जवळ आणलं होतं की मी म्हणाले, "हो. कधीकधी."

दुसऱ्या दिवसापासून आई त्या भिंतीसमोर चहाचा कप ठेवायला लागली. पदर सावरून तिथून जायची. बाजारात झेंडूचा भाव उतरला, मोटार जळाली, असं काहीबाही भिंतीला सांगायची. शाळेतून आले की विचारायची, "आज दिसले का? काही नाराज वाटले का?" मी म्हणायचे, नाही, बरे वाटले. आणि खरं सांगते, हळूहळू मलाच ती भिंत सोसेना. तिथे मुंग्यांशिवाय काही नव्हतं, तरी मी मान खाली घालून अंगण ओलांडायचे. नसलेला माणूस मी तिथे उभा केला होता आणि त्याला तिथून हलवायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

सात-आठ महिन्यांनी मी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि आईला मुद्दाम सोबत नेलं. तपासण्या झाल्या. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "यांचा मेंदू पाहिलेलं लवकर पुसत नाही. असे आणखीही लोक आहेत. खास औषध नाही, पण आंधळेपण येणार नाही."

आईने विचारलं, "म्हणजे समोर असेल तेच उरतं? मागचं, जुनं, नाही दिसत?"

"समोरचंच. तेही थोडा वेळ."

बाहेर आल्यावर आई फुटपाथवर थांबली. "त्या दिवशी दिसले होते, ते तरी खरं?"

"खरं."

"आणि नंतर?"

"नाही," मी म्हणाले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण मीच विचारत राहिले." मग अगदी वेगळ्या आवाजात तिने विचारलं, "तुला लय त्रास होतो का गं?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. पुस्तकाच्या ओळी एकमेकींवर चढतात, दिव्यांना धागे फुटतात, अंधार कधी पुरता काळा होत नाही. ती मध्येच थांबवून विचारत होती, आत्ता काय दिसतंय, त्या बसमागे काय दिसतंय, माझ्या तोंडावर काय दिसतंय. मी एकेक सांगत गेले. सिग्नल पडून गाड्या थांबल्या तेव्हा तिने माझं कोपर घट्ट धरलं आणि म्हणाली, "चल. आता काही येत नाही."