साखरेचं गाऱ्हाणं

आमचे हे कारापुरात मुलींना कबड्डी शिकवतात. मधुमेह जुना, रोजचं इन्सुलिन. पण गावच्या मंडळात कुणाला कळू द्यायचं नाही, हा ह्यांचा हट्ट. आजारी माणसाच्या हाती संघ कोण ठेवणार, ही भीती. पोरींना ‘घाबरू नका’ म्हणून ओरडणारा माणूस स्वतः मात्र इतका घाबरट!

परवाचा सामना हळर्णला होता. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालून, म्हणजे मोठ्याने साकडं घालून, नारळ वाढवल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, आणि तोवर हे पाण्याचा घोटही घेत नाहीत. नारळ झाला की लगेच खाऊ, अशा हिशेबाने घरून निघताना ह्यांनी इंजेक्शन टोचून घेतलं. प्रमुख पाहुण्यांचा मात्र पत्ताच नव्हता. ऊन चढत गेलं. हे उगाचच पोरींवर खेकसायला लागले तेव्हाच मी ओळखलं, रक्तातली साखर उतरतेय. कपाळावर घाम, बोटं थरथरत होती.

मी पर्समधून बिस्किटं काढली.

“ठेय ती भितर. लोक बघतत,” हे म्हणाले. “उद्या माका घरी बसयतले.”

“आणि हंय पडलात तर?”

हे पोरींकडे वळले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरळ गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या काकांकडे गेले आणि हळूच म्हटलं, “काका, पावण्यांची वाट बघू नकात. ह्यांची साखर उतरली हा. पण कोणाक सांगू नकात.”

काकांनी मान डोलावली, नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरींनी खेळ मांडलो हा. तेंच्या मास्तराची साखर उतरली हा, ती जाग्यार येवंदे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं मैदान गरजलं. समोरच्या संघाच्या मुलीसुद्धा.

देवापासून काय लपवायचं, असा काकांचा साधा विचार असणार. नारळ फुटला आणि पहिलं गूळखोबरं ह्यांच्या हातावर आलं. पंचांनी न बोलता रेषेजवळ एक खुर्ची आणून ठेवली. ह्यांनी खाल्लं, बसले, पण माझ्याकडे बघितलं नाही. सामना जिंकूनही स्कूटरवर घरापर्यंत एक शब्द नाही. मला वाईट वाटत होतं. तरी पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

काल मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. नाव बघून ह्यांनी तो माझ्या हातात कोंबला आणि पाठ फिरवून बसले. मी स्पीकर लावला.

“वहिनी, मास्तर कितक्या वाजता जेवतत? फुडले सामने ती वेळ सोडून लावतंव.”

मला वेळ पाठ होती, पण ती माझ्या तोंडून जायला नको असं वाटलं. मी गप्प राहिले. पलीकडून “हॅलो, हॅलो” चाललेलं.

“एक वाजता,” शेवटी हेच म्हणाले. मग घसा खाकरून, “आणि त्याच्या आधी इंजेक्शन घेतंय.”