पितृपक्षातली पिकअप

पितृपक्षात नवं काही घ्यायचं नसतं हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी गाडी त्या पंधरवड्यात घ्यायची ठरवली.

वारज्याच्या पुढे, खडकवासल्याच्या दिशेला, थोडी जमीन भाड्याने घेऊन मी रोपवाटिका चालवत होतो. सायकलच्या कॅरियरवर गुलाबाची रोपं बांधून सुरुवात केली होती. पुढे शहराभोवती काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्या काचेच्या आत झाडं लागू लागली. कॉम्प्युटरच्या कंपन्यांना झाडं विकत नको असतात, भाड्याने हवी असतात. दर आठवड्याला जायचं, एसीत पिवळी पडलेली झाडं उचलायची, त्या जागी टवटवीत ठेवायची. पिवळी परत आणून हिरव्या जाळीखाली पंधरा दिवस सांभाळायची, की ती पुन्हा नोकरीवर रुजू. धंदा एवढाच. पण तो डोक्याने करावा लागतो.

त्या वर्षी हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीचं काम मिळायचं घाटत होतं. चार मजले, दोनशे कुंड्या. तोवर मी भाड्याच्या टेम्पोने भागवत होतो. कंपनीतल्या माणसाने सांगितलं, "तुमचा टेम्पो दर वेळी वेगळा असतो. गेटपास कुणाच्या नावाने करू? स्वतःची गाडी आणा, एक तारखेपासून काम तुमचं. नाहीतर दुसरा एक जण थांबलाय." एक तारीख तीन आठवड्यांवर होती आणि कॅलेंडरमध्ये ती नेमकी पितृपक्षात पडत होती. घट त्यानंतर तीन दिवसांनी बसणार होते.

बायको म्हणाली, "अहो, दसऱ्याला घ्या. आयुष्यातली पहिली नवी गाडी, ती काय पितरांच्या दिवसांत आणायची?"

मी म्हणालो, "दसऱ्याला सगळं गाव गाडी घेतं. तेव्हा शोरूमवाला आपल्याला पाणीसुद्धा विचारणार नाही. आत्ता तो माश्या मारत बसलेला असेल."

"आणि शोरूम कुठलं?"

ती हे का विचारते आहे ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "तेच."

ते शोरूम हायवेलगत होतं. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथे तीन चाकी टेम्पोची चौकशी करायला गेलो होतो. मी वाफ्यातून तसाच उठून निघालो होतो, पायाला चिखल होता. काचेच्या दारापाशी मालक उभे होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुंड्या मागच्या गेटने." त्या दिवशी त्यांच्याकडे कुणीतरी कुंड्या पोचवणार असावं. मी रागीट आहे असं माझ्याबद्दल लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. भाव करताना तर माझा आवाज तीन दुकानं पलीकडे जातो. त्या दिवशी मात्र मी एक शब्द बोललो नाही. मागच्या गेटपर्यंत चालत गेलो आणि तिथून सरळ बसस्टॉपवर. बायको म्हणाली, "अहो, सांगायचं ना, गाडी बघायला आलोय म्हणून." मनात एवढंच ठरवलं, की नवी गाडी घेईन तर याच दुकानातून, आणि पुढच्या गेटने बाहेर काढीन. पुढे कधीतरी हे तिला बोललो असेन. तिच्या लक्षात राहिलं होतं.

शोरूम अपेक्षेप्रमाणे रिकामं होतं. चकचकीत फरशी, मधोमध पांढरी पिकअप, आणि टेबलामागे पंचविशीची एक मुलगी. अमरावतीकडून शिकून पुण्यात नोकरीला आलेली. बोलण्यावरूनच कळत होतं.

"या ना काका, बसा. पाणी आणू काय?"

पहिल्या दिवशी भाव विचारायचा नाही हा माझा नियम. मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खालून पाहिली, मागचा हौदा पावलांनी मोजला. दोन रांगांत किती अरेका पाम उभे राहतील ते मनात मांडलं. मग म्हणालो, "मला घाई नाही. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर भाव वाढतात काका."

"वाढू द्यात. मीही वाढतोय."

जाताना भिंतीवरचा पांढरा फळा पाहिला. विकणाऱ्यांची नावं आणि समोर महिन्याच्या गाड्या. तिच्या नावापुढची चौकट कोरी होती. महिना संपायला नऊ दिवस होते. माझ्याकडे एक तारीख होती तशी तिच्याकडे तीस होती. फरक इतकाच, की तिची तारीख फळ्यावर लिहिलेली होती आणि माझी माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी तिने पाच हजार कमी केले. मी पंचवीस म्हणालो आणि उठलो. भाव करताना उठण्याला फार महत्त्व आहे. हे मी मार्केटयार्डात शिकलो. माणूस तीनदा उठतो. पहिल्यांदा उठतो ते दाखवायला, दुसऱ्यांदा उठतो ते ऐकायला, आणि तिसऱ्यांदा उठतो तेव्हा समोरच्याने हाक मारलीच पाहिजे. पहिल्या उठण्याला ती आठवर आली. दोन दिवसांनी दुसऱ्या उठण्याला बारावर.

तिसऱ्यांदा मी महिना संपायला तीन दिवस राहिले असताना गेलो. ती म्हणाली, "याच्याखाली मला पॉवरच नाही काका. कधीपासून सांगून राहिली ना मी."

"मग पॉवर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा! पंधरवडाभर एक गिऱ्हाईक फिरकलेलं नाही, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला बारा हजार तोंडावर फेकता? गाडी काय फुकट मागतोय का मी?"

"काहून ओरडता काका? मी ओरडली का तुमच्यावर?"

मी उठलो. दारापर्यंत गेलो. हाक आली नाही. दाराबाहेर पायऱ्या होत्या, त्या उतरलो. तरी नाही. रस्त्यावर आलो आणि पानाच्या टपरीशी उभा राहिलो. पान मी खात नाही. उरलेले दिवस मोजत मी तिथे पाच-सात मिनिटं उभा असेन. तेवढ्यात ती पायऱ्या उतरून आली. "सरांनी बोलावलंय काका. पण प्लीज, हळू बोला."

सर म्हणजे तेच मालक. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं काही नव्हतंही. मी पायांत बूट घातले होते.

"आपला आवाज आत ऐकू आला," ते म्हणाले. "फोनची गरज नाही आपल्याला. बसा."

"बसायला वेळ नाही."

"टपरीपाशी होता की."

पुढचा पाऊण तास आम्ही दोघं बोललो आणि ती मुलगी कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती. मी दुसऱ्या शोरूमचं कोटेशन काढलं. ते म्हणाले, "छान आहे. तिथेच घ्या." मी टायरचा, सीटकव्हरचा, बंपरचा विषय काढला. ते म्हणाले, "आमच्याकडे सगळ्या गाड्यांना टायर देतात." असं करत करत ते बावीस हजारांवर आले. बावीस हजार त्या गाडीवर तोवर कुणाला सुटले नसतील. त्या मुलीच्या चेहऱ्यावरून ते कळलं. तिथे थांबायला हवं होतं. पण हात गरम झालेला असला की माणूस थांबत नाही.

"ते हार, नारळ, पेढे, फोटो, सगळं करता ना तुम्ही गाडी देताना?" मी म्हणालो. "मला नको. त्याचेही वजा करा."

मालकांनी मुलीकडे पाहिलं. "किती होतात?"

"तीनशे एक्कावन्न, सर."

"वजा करा."

पाऊण तासात त्यांनी शंभर रुपयेसुद्धा वाद घातल्याशिवाय सोडले नव्हते. हे तीनशे एक्कावन्न त्यांनी पापणी न हलवता दिले. माझ्यासारख्याला तिथेच शंका यायला हवी होती.

त्या पंधरवड्यात आरटीओतही रांग नसते. तात्पुरता नंबर दोन दिवसांत झाला. तीस तारखेला दुपारी मी एकटाच गेलो. बायको म्हणाली होती, "मी नाही येणार हो या दिवसांत. पण गाडी बाहेर काढताना एकदा मागे वळून बघा, कोण उभं आहे ते." म्हणजे मालक बघताहेत का ते. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

शोरूमच्या मधोमधची जागा रिकामी होती. मला वाटलं गाडी पुसायला नेली असेल. ती मुलगी कागदांची फाइल घेऊन आली आणि म्हणाली, "काका, गाडी मागे आहे."

"मग पुढे आणा."

तिने केबिनकडे पाहिलं. मालक केबिनमधून बाहेर आले. "पितृपक्षात आम्ही पुढच्या गेटने नवी गाडी सोडत नाही. वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. दसऱ्याचं बुकिंग करायला लोक येतात, त्यांना बरं वाटत नाही."

"लोकांना बरं वाटत नाही की लोकांनी भाव विचारला तर तुम्हाला बरं वाटत नाही?"

"दोन्ही," ते म्हणाले.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. पैसे पूर्ण भरलेत, गाडी माझी आहे, ती मी छपरावरून नेईन, अशा धर्तीचं होतं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "घट चार तारखेला बसताहेत. तेव्हा या. गाडी पुढे लावतो, हार घालतो, पेढे देतो. भाव हाच. बिल तेव्हाच्या तारखेने करू. आज हवी असेल तर मागे उभी आहे."

बोलणं सरळ होतं. त्यात मला पकडायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मला हिंजवडीत गेटवर गाडी उभी करायची होती. आणि माझ्या डाव्या हाताला ती मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती. बिल पुढच्या महिन्यात गेलं तर फळ्यावरची चौकट कोरी राहणार होती. तिने तसं काही म्हटलं नाही. मीही तिच्यासाठी काही केलं असं म्हणणार नाही. मला माझं काम हवं होतं.

तरीही मी म्हणालो. इतकी वर्षं जे वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं होतं, ते अगदी साध्या आवाजात बाहेर आलं. "बारा वर्षांपूर्वी आपण मला याच दारातून मागच्या गेटने पाठवलं होतं."

"असेल. कशासाठी?"

"कुंड्या घेऊन आलोय असं वाटलं आपल्याला."

"मग कुंड्या होत्या का?"

"नव्हत्या. गाडी घ्यायला आलो होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेष्टा करत नव्हते, मनापासून म्हणाले. "मग सांगायचं होतं."

मी किल्ली घेतली.

मागचं अंगण वर्कशॉपचं होतं. काळं तेल सांडलेलं, जुने टायर रचलेले. गेटच्या दोन्ही बाजूंना अशोकाची वाळलेली झाडं होती, सिमेंटच्या कुंड्यांत. बारा वर्षांपूर्वीच्या त्याच असतील किंवा नसतील. निचऱ्याला भोक न ठेवता लावलेली होती, मुळं कुजली असणार. ती मुलगी पुढे धावत गेली आणि तिने स्वतः गेटची कडी काढली. मी जवळ आलो तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाली, "काका, अभिनंदन हं." बायकोने सांगितल्याप्रमाणे मी वळून पाहिलं. तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

घरी बायको जाळीखालची झाडं निवडत होती. तिने हात पुसले, गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवरची धूळ पदराने पुसली. भाव विचारला. मी सांगितला. "बावीस हजार सोडले? खरंच?" म्हणाली. गेटचं तिने विचारलं नाही. हार नव्हता, कुंकू लावायचे दिवस नव्हते. मग म्हणाली, "रिकामी नको उभी राहायला." आम्ही दोघांनी मिळून उद्याच्या कुंड्या चढवल्या. मी मांडलं होतं त्यापेक्षा चार पाम जास्त बसले.

सकाळी पावणेआठला मी कंपनीच्या मोठ्या गेटवर होतो. पाण्याचं कारंजं, काळ्या दगडावर कंपनीचं नाव, आत जाणाऱ्या मोटारींची रांग. मी रांगेत माझी पांढरी गाडी लावली. गणवेशातला सिक्युरिटीवाला जवळ आला, हौद्यात पाहिलं आणि हात उलटा हलवला.

"काका, कुंड्या मागच्या गेटने."

उत्तर तोंडाशी आलं होतं. मागे वळून पाहिलं. पानं वाऱ्यावर हलत होती, सगळी धड होती. या वेळी कुंड्या होत्याच.

मी रिव्हर्स टाकला.